पूर्वाश्रमीचे नाव : पारपत्रातून गळलेल्या एका रकान्याचा इतिहास

१/
शीव या शब्दाचा अर्थच सीमा. गावाची शीव, शेताची शीव, तशी ही मुंबई बेटाची शीव. जेराल्ड आँजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, कंपनीने येथील टेकडीवर किल्ला बांधला. कारण खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांची होती. १७३७ मध्ये ती मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत शीवच्या टेकडीवरून दिसणारा पलीकडचा किनारा दुसऱ्या राज्याचाच होता.

२/
सीमा आली की पहारा येतो आणि पहाऱ्याबरोबर एक प्रश्न येतो : तू कोण? त्याचे उत्तर कागदावर देण्याची रीत जुनी आहे. दस्तक, राहदारी, परवाना हे शब्द मराठी दप्तरांत त्यासाठीच भेटतात. आज शीवच्या खाडीवर कोणी कोणाला अडवत नाही. तोच प्रश्न आता विमानतळावरच्या खिडकीत विचारला जातो आणि उत्तर म्हणून पारपत्र पुढे करावे लागते. या धाग्याचा विषय त्यातलाच एक : विवाहानंतर जिचे नाव बदलले, तिने कोणत्या नावाने सीमा ओलांडावी?

३/
माझे मत आरंभीच सांगतो. नाव बदलायचे की नाही, हा सर्वस्वी त्या स्त्रीचा प्रश्न. पण तिने ते बदलले, तर तिचे जन्मनाव पारपत्रातून नाहीसे होऊ नये. तिची इच्छा असल्यास ते ‘पूर्वाश्रमीचे नाव’ म्हणून त्याच पुस्तिकेत छापले जावे. ही मागणी सोयीची आहेच. पण तिच्यामागे जवळपास दीडशे वर्षांचा मराठी इतिहासही आहे. तो क्रमाने पाहू.

४/
प्रथम मराठी नावाची घडण. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, असे त्याचे तीन पदर. विवाहानंतर वडिलांच्या जागी पती येतो आणि आडनाव सासरचे होते. अनेक घरांत पहिला पदरही बदलतो : तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते, पेढे वाटले जातात आणि पाळण्यात ठेवलेले नाव माहेरच्या हाकांपुरते उरते. म्हणजे आपल्याकडे ‘आडनाव बदलणे’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. येथे तीनही पदर एका दुपारी बदलू शकतात.

५/
ही रीत अनादी आहे असे मानण्याचे कारण नाही. पेशवेकाळातील पत्रव्यवहारात गोपिकाबाई, आनंदीबाई, अहिल्याबाई ही नावे बहुधा एकटीच येतात. घराणे संदर्भाने कळते. आजचा तीनपदरी साचा पक्का होत गेला तो एकोणिसाव्या शतकात : शाळेचा हजेरीपट, न्यायालयातील दावा, सरकारी नोकरीचे पत्रक यांना ठरावीक लांबीचे, ठरावीक क्रमाचे नाव हवे होते. ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिचा बराचसा भाग कारकुनाच्या रकान्यात घडलेला आहे.

६/
आता तीन प्रवासिनी पाहू. तिघीही एकाच दशकात समुद्र ओलांडून गेल्या आणि तिघींच्या नावांची गोष्ट वेगळी आहे. लक्षात घ्या, त्या काळी सामान्य प्रवाशाला पारपत्राची सक्ती नव्हती. जहाजाचे तिकीट, ओळखीची पत्रे आणि पलीकडच्या बंदरावर उतरवून घेणारे कोणी असले की भागत असे. ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर कागदापेक्षा माणसे देत.

७/
पहिल्या आनंदीबाई जोशी. १८६५ साली जन्मलेली कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह आणि नाव आनंदी. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी ‘आनंदीबाई जोशी’ या नावाने घेतली. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत आणि तेथील शिळेवरही हेच नाव आहे.

८/
येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. आनंदीबाईंचे माहेरचे आडनावही जोशीच. आजच्या अर्जात ‘विवाहानंतर आडनाव बदलले काय?’ असे विचारले असते, तर त्यांचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आले असते. तरीही कल्याणची यमुना आणि फिलाडेल्फियाची आनंदी ही एकच व्यक्ती आहे, हे केवळ आडनावाने सिद्ध होत नाही. पाश्चात्त्य घडणीचा नमुना आडनावाच्या बदलाची कल्पना करतो. पाळण्यातले नावच बदलण्याची कल्पना त्यात सहजी बसत नाही.

९/
दुसऱ्या रखमाबाई. जन्म १८६४, मुंबई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावले गेले. पुढे त्यांनी सासरी नांदायला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयातील तो खटला ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ या नावाने जगभर गाजला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट आदेश दिला : पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

१०/
खटल्याच्या शीर्षकातील विषमता पाहण्यासारखी आहे. पतीचे नाव दोन पदरांचे, पत्नीचे एकाच. एरवी याला आपण दुर्लक्ष म्हटले असते. रखमाबाईंच्या बाबतीत मात्र ते एकपदरी नाव मोकळीक ठरले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या ‘रखमाबाई’ म्हणूनच. त्यांना आजच्या साच्याचे नाव सक्तीने लावले असते, तर मधल्या जागी कोण आला असता? ज्याच्या घरी जाण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, तोच.

११/
तिसऱ्या पंडिता रमाबाई. माहेरच्या डोंगरे. १८८० मध्ये बंगाली वकील बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह. १८८२ मध्ये वैधव्य. १८८३ मध्ये कन्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या, तेथे बाप्तिस्मा घेतला आणि ‘मेरी रमा’ हे आणखी एक नाव जोडले गेले. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियात होत्या. डोंगरे, मेधावी, सरस्वती, मेरी : इतकी नावे असूनही ‘पंडिता रमाबाई’ ही ओळख तुटली नाही, कारण ती सांभाळणारा समाज आणि वृत्तपत्रे सतत भोवती होती.

१२/
या तिघी प्रसिद्ध होत्या म्हणून त्यांची नावे जुळवणारे चरित्रकार त्यांना लाभले. त्याच जहाजांतून गेलेल्या इतर स्त्रियांचे काय? प्रवासी याद्यांत त्या बहुधा ‘अमक्यांच्या पत्नी’ म्हणून येतात. ज्याला अभिलेखागारात बसून एखाद्या कुटुंबाचा माग काढायचा आहे, त्याच्या हातात पुरुषाचा धागा शेवटपर्यंत राहतो. स्त्रीचा धागा विवाहाच्या तारखेला तुटतो. पलीकडे तो दुसऱ्या आडनावाखाली चालू असतो, पण गाठ कोठे आहे हे कोणी लिहिलेले नसते.

१३/
पहिल्या महायुद्धाने हे जग बदलले. हेर, शत्रुराष्ट्रांचे नागरिक, क्रांतिकारक यांच्या भीतीने देशोदेशी पारपत्र सक्तीचे झाले. युद्ध संपल्यावर ती सक्ती जाईल असे अनेकांना वाटले होते. ती गेली नाही. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या परिषदेने सर्व देशांसाठी एकाच नमुन्याच्या पुस्तिकेची शिफारस केली. भारतात प्रवेश करण्यासाठी पारपत्र आवश्यक करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही १९२० चाच. आता ‘तू कोण?’ याचे उत्तर माणसांऐवजी पुस्तिका देऊ लागली.

१४/
त्या पुस्तिकेत विवाहित स्त्रीला जागा कोठे होती? बहुधा पतीच्या पारपत्रात. ब्रिटिश नमुन्याच्या निळ्या पुस्तिकेत धारकाच्या नावाखाली ‘पत्नीसह’ असा छापील मजकूर असे. पुढील पानांवर पतीच्या वर्णनाशेजारी पत्नीच्या वर्णनाचा रकाना आणि दोघांची छायाचित्रे. अशा संयुक्त पारपत्रावर पती एकटा प्रवास करू शके. पत्नीला तो अधिकार नव्हता. तिला एकटीने जायचे तर वेगळी पुस्तिका काढावी लागे.

१५/
आणि याच ठिकाणी इतिहासाचा एक विलक्षण विरोधाभास आहे. त्या ‘पत्नीसह’ या मजकुरालगत कंसात आणखी एक सूचना छापलेली असे : पत्नीचे माहेरचे नाव लिहा. म्हणजे स्त्री पतीच्या पुस्तिकेतील पुरवणी होती, तेव्हा तिच्या पूर्वाश्रमीच्या नावाला छापील जागा होती. पुढे तिला स्वतःची स्वतंत्र पुस्तिका मिळाली, अधिकार वाढला, आणि त्या प्रगतीत तो छोटा रकाना मात्र गळून पडला. माझी मागणी त्यामुळे नवी नाही. हरवलेली वस्तू परत ठेवण्याची आहे.

१६/
केवळ नावच नव्हे, राष्ट्रीयत्वही त्या काळी विवाहाबरोबर बदले. ब्रिटिश साम्राज्याच्या १८७० आणि १९१४ च्या कायद्यांनुसार परकीयाशी विवाह करणारी स्त्री परकीय ठरे आणि ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजन. विवाहाचा स्त्रीच्या राष्ट्रीयत्वावर आपोआप परिणाम होऊ नये, हे तत्त्व मांडणारा संयुक्त राष्ट्रांचा करार १९५७ मध्ये आला. म्हणजे ‘पत्नी हे पतीचे परिशिष्ट’ ही कल्पना आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या कायद्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होती.

१७/
तिला आव्हानही तेव्हाच मिळू लागले होते. अमेरिकेत रूथ हेल या पत्रकार स्त्रीने स्वतःच्या नावाने पारपत्र मागितले. परराष्ट्र खात्याने पतीच्या नावाची जोड दिल्याशिवाय ते देण्याचे नाकारले. तिने तसले पारपत्र घेतले नाही आणि १९२१ मध्ये लूसी स्टोन लीग ही संस्था स्थापली. १९२५ मध्ये डॉरिस फ्लाइशमन हिला, विवाहित असूनही, केवळ स्वतःच्या नावाचे अमेरिकी पारपत्र मिळाले. सही कोणाच्या नावाची करायची, हा प्रश्न तेथेही लढूनच सुटला.

१८/
आपल्याकडे परतू. इरावती कर्वे : जन्म १९०५, ब्रह्मदेशात, नाव तेथील नदीवरून, माहेरचे आडनाव करमरकर. विवाहानंतर, १९२८ मध्ये, त्या बर्लिनला गेल्या. त्यामुळे त्यांचा प्रबंध, त्यांची ग्रंथसंपदा, त्यांचे सारे शास्त्रीय आयुष्य ‘कर्वे’ या एकाच नावाखाली सापडते. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांना शोधायला कष्ट पडत नाहीत.

१९/
आता कमला सोहोनी. केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी १९३९ मध्ये मिळवली, ती ‘कमला भागवत’ म्हणून. विवाह १९४७ मध्ये. मग मुंबई, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि नाव सोहोनी. एकाच शास्त्रज्ञ स्त्रीचे संशोधन दोन नावांखाली विभागले गेले. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत अविवाहित राहिल्या आणि भागवतच राहिल्या. या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे ऐकून आजही अनेक वाचक चकित होतात. चकित होण्याचे कारण एवढेच, की आपण नात्यांचा माग आडनावाने काढतो.

२०/
इरावतीबाई आणि कमलाबाई यांतील फरक कर्तृत्वाचा नव्हे, तारखेचा आहे. एकीचा विवाह पदवीआधी झाला, दुसरीचा नंतर. कागदावरचे आयुष्य अखंड राहणार की दुभंगणार, हे त्या तारखेने ठरवले. आज पंचविशी-तिशीत विवाह होतात. त्याआधीच पदवी, नोकरी, बँकखाते, पारपत्र आणि कधी परदेशाचा व्हिसाही झालेला असतो. म्हणून कमलाबाईंच्या वाट्याला आलेली फाटाफूट आता अपवाद राहिलेली नाही.

२१/
शीवच्या आमच्या घरात आजीची कागदपत्रे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे संपूर्ण नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि बँकेच्या पासबुकावर तेच सासरचे नाव निराळ्या स्पेलिंगने. तिन्ही नावे जिची, ती सांगायला होती तोवर अडचण आली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पेटी मोलाची आहे. जिला उद्या याच कागदांवर प्रवासाला निघायचे आहे, तिला ती पेटी नकोशी वाटली तर नवल नाही.

२२/
स्वतंत्र भारतात पारपत्राचे स्वरूपच बदलले. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्यापाठोपाठ २४ जून १९६७ पासून पारपत्र कायदा अमलात आला. १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने ते तत्त्व अधिक दृढ केले. त्यापूर्वी पारपत्र ही सरकारची मेहेरबानी मानली जात असे. आता तो नागरिकाचा हक्क आहे. हक्काचा कागद कोणाच्या नात्यावर अवलंबून असू नये, हे यातून ओघानेच येते.

२३/
नियमही हळूहळू त्या दिशेने सरकले. २३ डिसेंबर २०१६ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने मोठे बदल जाहीर केले : पारपत्रासाठी विवाह प्रमाणपत्राची अट गेली, घटस्फोटितांना जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती उरली नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे झाले आणि जोडपत्रे १५ वरून ९ झाली. १३ एप्रिल २०१७ रोजी, मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरच्या महिला विभागाच्या सुवर्णमहोत्सवात दूरदृश्य प्रणालीद्वारे बोलताना, पंतप्रधानांनी सांगितले की पारपत्रासाठी स्त्रियांना विवाहानंतर नाव बदलावे लागणार नाही.

२४/
तेव्हा ‘लग्न झाले, आता पासपोर्टवरचे नाव बदलावेच लागेल’ हा समज खरा नाही. जन्मनावाचे पारपत्र विवाहाने अवैध होत नाही. अडचण येते ती कागदांचा मेळ तुटल्यावर. आधार सासरच्या नावाने, पारपत्र माहेरच्या, आणि विमानाचे तिकीट काढणाऱ्या नातलगाने घातलेले नाव तिसरेच. तिकीट आणि पारपत्र यांवरील नाव जुळले पाहिजे, एवढा साधा नियम. पण घरात जी हाक मारली जाते तेच नाव तिकिटावर जाते.

२५/
बदलायचे ठरवलेच, तर वाट कशी आहे? शीवच्या दांपत्याने विवाहाची नोंद महापालिकेच्या एफ उत्तर विभागात करायची; ती नोंद १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली होते. केवळ आडनाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा पती-पत्नीचे संयुक्त घोषणापत्र सहसा पुरते. पाळण्यातले नावही बदलले असेल, तर प्रकरण बहुधा राजपत्रातील जाहिरातीपर्यंत जाते. आपल्या राज्याचे राजपत्र ज्या शासकीय मुद्रण विभागाचे, त्याचे कार्यालय चर्नी रोडला आहे. म्हणजे तांदळाच्या ताटात दोन मिनिटांत झालेले काम गिरगावात येऊन पूर्ण होते.

२६/
यात यंत्राची भर पडली आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने यंत्रवाचनीय पारपत्राचा नमुना १९८० मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. माहितीच्या पानाच्या तळाशी दोन ओळी, प्रत्येकीत ४४ खुणा. पहिल्या ओळीत आधी आडनाव, मग इतर नावे. हस्तलिखित पारपत्रांची जागतिक मुदत २४ नोव्हेंबर २०१५ ला संपली. जुना कारकून ‘सौ.’ आणि ‘पूर्वाश्रमीच्या कु.’ हे शब्द वाचून मान डोलावत असे. यंत्र अक्षरे जुळवते आणि जुळली नाहीत तर थांबते.

२७/
एक काल्पनिक उदाहरण घ्या. ‘सुलभा दत्तात्रय परब’ विवाहानंतर ‘स्नेहल महेश सावंत’ झाली. नवे पारपत्र आले. जुने कोपरा कापून, रद्द करून परत मिळाले. आजवर प्रचलित असलेल्या नमुन्यात शेवटच्या पानावर आई, वडील, जोडीदार यांची नावे, पत्ता आणि जुन्या पारपत्राचा क्रमांक असतो. सुलभा आणि स्नेहल यांना जोडणारा छापील दुवा काय उरला? एक क्रमांक. पदवीपत्र परब नावाचे, व्हिसा जुन्या पुस्तिकेत. परदेशातील खिडकीपुढे तिला दोन्ही पुस्तिका आणि विवाह प्रमाणपत्र असा गठ्ठा धरूनच उभे राहावे लागते.

२८/
गंमत अशी, की शासनाला हा दुवा माहीत असतो. पारपत्राच्या अर्जातच दोन प्रश्न आहेत : तुम्ही अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता काय, आणि तुम्ही कधी नाव बदलले आहे काय. स्त्री उत्तर देते, पुरावा जोडते, ते तपासले जाते आणि संगणकात जाते. मात्र जिच्याविषयीची ही माहिती, तिच्या हातातील पुस्तिकेत त्यासाठी रकाना नाही. शासनाने जे तपासून खरे मानले, ते छापायला नवी यंत्रणा लागणार नाही.

२९/
अन्य देशांनी वाटा शोधल्या आहेत. फ्रान्समध्ये १७९४ पासूनचा नियम : नागरिकाचे खरे नाव जन्मनोंदीतले, पतीचे आडनाव हे केवळ ‘वापराचे’ नाव, आणि पारपत्रात जन्माचे आडनाव कायम राहते. क्वेबेकमध्ये १९८१ पासून आणि ग्रीसमध्ये १९८३ पासून विवाहित स्त्री जन्मनावच चालवते. जपानचे उदाहरण तर आपल्याला सर्वांत जवळचे. तेथे नागरी संहितेच्या कलम ७५० नुसार पती-पत्नीला एकच आडनाव घ्यावे लागते; तरीही पारपत्रात पूर्वीचे आडनाव कंसात छापता येते आणि एप्रिल २०२१ पासून त्याच्या अटी सैल करून ‘पूर्वीचे आडनाव’ असा स्पष्ट उल्लेखही होऊ लागला.

३०/
जपानची व्यवस्था निर्दोष नाही. कंसातील ते आडनाव यंत्राच्या दोन ओळींत आणि पारपत्राच्या चिपमध्ये जात नाही, त्यामुळे तिकिटासाठी ते चालत नाही. पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला वाचता येईल, विद्यापीठाला दाखवता येईल, असा सरकारी शब्द त्या स्त्रीच्या हातात असतो. जेथे आडनाव एक करणे कायद्याने बंधनकारक, तेथे हे होऊ शकते. जेथे तसे बंधनच नाही, त्या आपल्या देशात ते व्हायला हरकत कोणती?

३१/
हरकती आहेत आणि त्या ऐकल्या पाहिजेत. पहिली : अनेक स्त्रिया आनंदाने सासरचे नाव घेतात, मुलांबरोबर प्रवास करताना आडनाव एक असणे त्यांना सोयीचे वाटते. हे खरे आहे आणि माझ्या मागणीने त्यात काहीच बिघडत नाही. उलट ज्यांनी नाव बदलले, त्यांनाच या रकान्याचा उपयोग. जिने बदलले नाही, तिला त्याची गरजच नाही.

३२/
दुसरी हरकत अधिक मूलगामी : माहेरचे नाव तरी कोणाचे? वडिलांचेच ना? एका पुरुषाऐवजी दुसरा, एवढाच फरक. हा आक्षेप मला मान्य आहे. त्याला उत्तर देण्याची सुरुवात महाराष्ट्राने केली आहे. मार्च २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. तूर्त मुद्दा इतकाच, की जन्मनाव कोणाकडूनही आलेले असो, जन्मनोंदीपासून पदवीपर्यंतचे कागद त्याच नावाचे असतात.

३३/
त्याच निर्णयात आणखी दोन गोष्टी होत्या. विवाहित स्त्रीचे नाव पतीच्या नावासह व त्याच्या आडनावासह लिहिण्याची प्रचलित पद्धत चालू ठेवली गेली. पण मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही दिली गेली. म्हणजे जमिनीच्या कागदावर पूर्वाश्रमीचे नाव चालते हे तत्त्व राज्याने स्वीकारले आहे. पारपत्र केंद्राच्या अखत्यारीतले, हे खरे. पण जे घराच्या मालकीसाठी चालते ते घराबाहेर पडण्यासाठी न चालण्याचे तार्किक कारण मला दिसत नाही.

३४/
तिसरी हरकत सर्वांत गंभीर : खासगीपणा. जिला जुने आयुष्य मागे टाकायचे आहे, जिच्या जिवाला धोका आहे, तिच्या पारपत्रात जुने नाव छापणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच हा रकाना ऐच्छिक हवा आणि तो भरण्याचा निर्णय तिचा एकटीचा हवा. त्यावर ना पतीची सही, ना वडिलांची.

३५/
पतीच्या सहीचा प्रश्न काल्पनिक नाही. विवाहापूर्वीचे आडनाव पुन्हा घ्यायचे तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र आणा, या सरकारी अटीला २०२४ मध्ये एका महिलेने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या स्त्रीविषयक कराराचे कलम १६ कुटुंबनाम निवडण्याचा समान हक्क सांगते. भारताने त्याला १९९३ मध्ये मान्यता दिली, पण समाजांच्या वैयक्तिक बाबींत त्यांच्या संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याची पुस्ती जोडून. १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंना पतीच्या घरी पाठवू पाहिले. आज आपले मूळ नाव परत घेण्यासाठी पतीची संमती मागणे हे त्याच विचाराचे सौम्य रूप आहे.

३६/
मराठीला हा रकाना शिकवावा लागणार नाही. इंग्रजांना माहेरचे नाव सांगायला फ्रेंच शब्द उसना घ्यावा लागला. आपल्याकडे ‘पूर्वाश्रमीच्या’ हा शब्द वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत, संमेलनांच्या स्मरणिकांत, माजी विद्यार्थिनींच्या याद्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. शाळेच्या स्नेहमेळाव्याला जी गोष्ट सहज कळते, ती देशाच्या सर्वांत महत्त्वाच्या ओळखपत्राला कळू नये, हे मला पटत नाही.

३७/
तोवर आपल्या हातात काय आहे? ज्यांना विवाहानंतर नाव बदलायचे आहे, त्यांनी जुने रद्द पारपत्र आणि विवाह प्रमाणपत्र कधीही टाकू नये; तिकिटावर पारपत्रातलेच नाव घालावे; पदवीपत्र आणि नवे नाव यांची सांगड घालणारा एक तरी अधिकृत कागद जपावा. ज्यांना बदलायचे नाही, त्यांनी ‘नियमच आहे’ असे सांगणाऱ्याला तो नियम कोठे लिहिला आहे, हे नम्रपणे विचारावे.

३८/
आणि या धाग्याच्या नेहमीच्या वाचकांना एक विनंती. घरातील आजी, मावशी, काकू यांना त्यांचे पाळण्यातले नाव विचारा. वडिलांचे नाव, माहेरचे गाव, विवाहाचे वर्ष आणि विवाहानंतरचे नाव, हे सारे एका कागदावर, एकाखाली एक लिहून त्यांची सही घ्या. पुढे कोणी तुमच्या घराण्याचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला दोन नावांमधली गाठ त्या कागदावर सापडेल. शासन तो रकाना छापेल तेव्हा छापेल. घरातली नोंद करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

धागा समाप्त. तुमच्या घरातील स्त्रियांची पूर्वाश्रमीची नावे आणि त्यामागच्या हकिकती, त्यांची संमती असेल तर, खाली जरूर लिहा.